सात चोक

सकाळी साडेसातला मी शाळेचं स्वयंपाकघर उघडते
तेव्हा समुद्र दिसत नसतो, नुसता ऐकू येतो.
डिसेंबर जवळ आला की शेटलंडचा सूर्य
नऊच्या सुमाराला हजेरी लावतो
आणि तीन वाजले की दप्तर उचलतो.

या सत्रात सगळं एकदमच आलं.
दातांच्या डॉक्टरची व्हॅन फेरीबोटीतून उतरली
आणि दुसऱ्या दिवशी आठ जणांचं पोट दुखलं.
फोटोवाला वाऱ्यामुळे तीन दिवस अडकला,
शेवटी कंटाळून माझे बटाटे सोलत बसला.
उवांची चिठ्ठी घरोघरी गेली.
नाताळच्या नाटकात मेंढ्या नऊ, मेंढपाळ एकच,
तो मॅग्नी; त्याच्या घरी खऱ्याखुऱ्या चारशे,
त्यामुळे तालमीत कुणाचं ऐकत नाही:
"मेंढी अशी नाही बसत, मिस."

वाढपाच्या खिडकीतून मला सगळं शिक्षण ऐकू येतं,
वाफेतून, अर्धंमुर्धं.
नद्या, अपूर्णांक, रोमन सैनिक,
कुणाच्या तरी नाकातून रक्त.
पंधराव्या वर्षी मी शाळा सोडली, मासे साफ करायला गेले.
आता गाजरं चिरता चिरता
तिसरीपर्यंत पोचते.
दर वर्षी तिसरीपर्यंतच.

शुक्रवारी आल्याचा केक.
ट्रे एकच, सरकारी, कडेने काळा पडलेला.
सहा चोक चोवीस:
बावीस मुलं, एक मिस हॅलक्रो, एक बसवाला एर्टी.
अकरा वर्षं सुरी आपली आपणच चालत होती.

मग सामन माशांच्या फार्मवर
लाटवियाहून एक कुटुंब आलं.
फेरीबोटीतून तीन पोरं उतरली:
लीगा, राइविस,
आणि एल्झा, जिचे दोन्ही बूट डाव्या पायाचे.
(बांधाबांध घाईत झाली असणार.)
मी मिसला म्हटलं, ट्रे पुरायचा नाही.
ती म्हणाली, थांबा जरा,
आणि फळा पुसून माझा ट्रे वर्गात घेऊन गेली. रिकामा.

पुढचा तासभर मी हात पुसत दारात.
ओस्लाने कागद कापला, चुकला, परत कापला.
मॅग्नी म्हणाला, मोठा ट्रे घ्या की.
कुणी म्हणालं, एर्टीला नको, त्याला शुगर आहे.
राइविसला आमची भाषा अजून येत नव्हती,
आकडे येत होते.
त्याने पट्टी हळूच सरकवली,
लांब बाजूवर एक रेघ जास्त.
सात चोक.
अठ्ठावीस, दोन भाषांत, एकाच वेळी.

"पंचवीस आम्ही," ओस्ला मोजत गेली,
"मिस, एर्टी... एक उरतो!"
आणि त्या एकावरून जे रण माजलं:
दातांच्या डॉक्टरला. नको, त्याला मुळीच नको.
बंदरावरच्या कुत्र्याला. येशूला.
तपासणीला येणाऱ्या बाईंना, म्हणजे शेरा चांगला देतील.
एल्झाला, कारण ती लहान आहे.
मी पण लहान आहे!
मतदान झालं, मतं सारखी पडली, परत झालं,
मग घंटा, कोट, प्रत्येकाचा एकेक हातमोजा हरवलेला,
आणि बसचे दिवे वळणाआड.
फळ्यावर उत्तराची जागा तशीच कोरी.

शुक्रवारी मी नव्याने रेघा ओढल्या.
तुकडे थोडे बारीक झाले. तक्रार कुणाची नाही,
मॅग्नी सोडून.
दुपारी बघते तर ट्रेच्या कोपऱ्यात तो शिल्लक.
पलीकडे तालीम चालली होती,
दोन मेंढ्या रडत होत्या, तिसरी त्यांना चावत होती.
कुणाचं लक्ष नव्हतं.
सिंकपाशी उभ्या उभ्या मी तो खाल्ला,
अकरा वर्षांतला माझा पहिला.

आलं कमी पडतंय.
अकरा वर्षं,
आणि एकानेही सांगितलं नाही.