उलटा पी

डॉक्टर थर्कल हस्तलिखित घेऊन आले तेव्हा
किंग्ज लिनच्या धक्क्यावर ईल माशांचा लिलाव चालू होता
आणि मला वाटलं, पुन्हा एखादं पंचांग असेल.

पंचांग नव्हतं.
पहिल्याच प्रकरणाचं नाव होतं
माझ्या हातून गेलेले.
दोनशे सहा नावं. वय, गल्ली, ताप कितव्या दिवशी चढला,
किती वाट्या रक्त काढलं,
आणि शेवटी तोच एक शब्द,
दोनशे सहा वेळा.

लंडनच्या वैद्यमंडळाने म्हणे कळवलं होतं,
लिहायचंच तर लॅटिनमध्ये लिहा,
चारचौघांत शोभा नको.
ते म्हणाले, "मी बाह्या वर केल्या त्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या.
त्यांच्या बायकांना वाचता आलं पाहिजे."
मी म्हटलं, बायकांना कुठे वाचता येतं?
"तुम्हाला येतं ना, मिसेस रडकिन?"
येत होतं. पण उलटं, शिशातलं.

पाचव्या पानावर डी संपला.
इंग्रजीत मेलेल्या माणसाला दोन डी लागतात,
एक सुरुवातीला, एक शेवटी.
नवे खिळे मागवायचे तर अ‍ॅमस्टरडॅमहून, दीड महिना.
दीर गल्लीच्या टोकाला शवपेट्या करतो,
त्याचे खिळे कधी संपत नाहीत.

मग मी पी घेतला आणि उलटा धरला.
पी उलटा केला की डी होतो.
फक्त ओळीत नीट बसत नाही,
केसभर वर राहतो,
जणू कुणी त्या माणसाच्या खांद्याखाली हात घालून
त्याला उशीवर जरा उचलून ठेवलंय.

एकशे त्रेचाळीस क्रमांकावर माझा नवरा होता.
टोबायस रडकिन, मुद्रक, वय अडतीस, चार वाट्या.
ती ओळ जुळवली, खाली पट्टी सारली
आणि एकशे चव्वेचाळिसावी घेतली.
त्या रात्री नखांतलं शिसं निघता निघेना.

मुद्रितं तपासायला ते आले.
ओळीवरून फिरणारं बोट थांबलं.
"हे असे उचललेले का दिसतात?"
अक्षरं अपुरी पडली, मी म्हटलं.
बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले,
"राहू द्या."

पुस्तक कसंबसं खपलं.
दुसऱ्या प्रकरणात उपाय होते: सुरी ठेवून द्या,
खिडकी उघडा, वाळुंजाची साल उकळा, वाट बघा.
तेवढी पानं लोकांनी फाडून चुलीजवळ टांगली.
मेलेल्यांची पानं मासेबाजारात गेली.
मंडळाने चाळीस पौंड दंड केला. डॉक्टरांनी घोडी विकली,
आणि दलदलीच्या बांधांवरून पायी हिंडू लागले,
चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले,
माझी छपाई मात्र अजून द्यायचीच होती.

आता हाताशी शिकाऊ पोरगा आहे.
शनिवारी खोके साफ करताना
डीच्या कप्प्यात त्याला एखादा पी सापडतो.
चूक समजून तो त्याला त्याच्या जागी नेऊन टाकतो.
मी काही बोलत नाही.
पुरेसे डी आहेत सध्या.