थेंबभर काळा

पाणी पाचव्या दिवशी आलं
तेव्हा भिंत धुतली.
आधी प्यायचं, मग कपड्यांचं, उरलं तर भिंतीला,
असं अम्मानं घागरी मोजून ठरवलं होतं.
ओल्या भिंतीत सतरा वर्षांपूर्वीचा पिवळा
एकदा नीट दिसला
आणि वाळता वाळता परत गेला.

मौलालीनं शेडकार्ड दिलं.
मी नायनांना नावं वाचून दाखवली:
डेझर्ट रोझ, आयव्हरी मिस्ट, टस्कन समर.
"ह्यात रंग कुठाय? ही तर नुसती नावं.
करडईच्या फुलाचा आहे का बघ.
नाहीतर शेंगदाण्याच्या सालीचा,
भाजायच्या आधीच्या."

एकतीस वर्षं सूत रंगवलं त्यांनी
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात.
मागच्या नाल्याकडं बघून
शाळेत जाता जाताच आम्हाला कळायचं
आज नायना कुठल्या हंड्यावर आहेत.
रात्री जेवताना त्यांच्या नखांत
कधी दुबईची ऑर्डर असायची, कधी जर्मनीची.
पांढरी भाकरी पांढऱ्या हातानं खाणारे
घरात आम्ही तिघंच.

अम्मा म्हणाली, पानाचा रंग सोडून काहीही लावा.
हजार विड्यांच्या हिशोबानं
चाळीस वर्षं तिच्या मांडीवरच्या सुपात
तेवढा एकच रंग होता.
डाळिंबी चालेल, असं म्हणाली,
आणि शेजारच्या गाजूलांचं पोपटी घर आठवून
गप्प बसली.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय.
डाव्याचा पाडव्यानंतर.
कार्ड हातात धरून नायना आधी हा झाकतात,
मग तो.
"ह्या डोळ्यानं हा दुधाचा," म्हणतात,
"आणि ह्यानं चहाचा.
घर कुठल्या डोळ्यासाठी रंगवायचं?"

मौलाली खूप हसला.
मला मात्र ती शेवटची दोन वर्षं आठवली,
गठ्ठेच्या गठ्ठे परत यायचे,
वर चिठ्ठी: शेड जुळत नाही.
पगारातून कापायचे.
आणि नायना देवाची शपथ घालून सांगायचे
की रंग तोच आहे, तसूभर फरक नाही.
मालकाला वाटलं, म्हातारा खोटं बोलतोय.
आम्हालाही, खरं सांगायचं तर,
थोडं वाटलंच होतं.

त्यांच्याही हे तेव्हाच ध्यानात आलं असावं.
कार्ड मिटून माझ्याकडं दिलं.
"तू ठरव," म्हणाले.

मी पतसंस्थेत बसते. मला पावत्यांचे रंग कळतात.
तरी पूर्वेच्या भिंतीवर तीन पट्टे मारून घेतले,
आठ दिवस उन्हाला दाखवले.
ऊन इथं कुणाचं ऐकत नाही.
एक पट्टा चौथ्या दिवशीच दमला,
दुसरा अम्माला आवडेना.
उरला तो करडईचा.

कन्ना चौकातल्या दुकानात मशीननं डबा गरगर हलवून दिला.
नायनांनी झाकण उघडलं, नुसता वास घेतला,
आणि काळ्या स्टेनरची बाटली मागितली.
"काळ्याचा थेंब पडल्याशिवाय रंग बसत नाही,
नुसता उभा राहतो."
मौलाली म्हणाला, "नाना, ग्यारंटी जायेगी."
"किती वर्षांची?"
"सात."
नायना काडीनं ढवळायला लागले होते.

रंग झाला.
बघणारे म्हणाले, छान आहे, साधा आहे,
काळ्याचं कुणी काही म्हणालं नाही.

पाडवा झाला. डावा डोळाही झाला.
पट्टी काढून आणलं त्या दिवशी
रिक्षातून उतरल्यावर ते रस्त्यातच थांबले.
रिक्षावाला सुट्टे मागत होता.
मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"टाकीखालच्या कोपऱ्यात
दुसरा हात मारलेला नाही."

मी मौलालीला फोन लावला.
तो आधी गप्प राहिला,
मग म्हणाला, "कुणी बघितलं?"