पासंग

सनाइयातला काटा वीस किलोच्या खाली बोलत नाही.
भंगाराचे ट्रक चढतात, आधी भरलेले, मग रिकामे,
मधला फरक मी पावतीवर घालतो.
बावीस वर्षं.

शाल्मली सुट्टीला आलीय इंग्लंडातून,
दोन बॅगा, एक जाता न जाणारा खोकला,
आणि एक मत, जे ती तिकडंच ठेवून आली
बेथन नावाच्या मैत्रिणीच्या हाती, रीतसर फॉर्म भरून.

"आपल्या पासपोर्टवर? तिथं?"
"राष्ट्रकुल, बाबा. राज्य गेलं, एवढं मागं राहिलं."
घास हातातच राहिला माझा.
जन्म सोहारचा, तिथं मत नाही.
पासपोर्ट जिथला, तिथल्या यादीत नाव नाही.
आणि मत कुठं, तर जिथं घरमालक तिला
भिंतीत खिळा ठोकू देत नाही.

"मग कुणाला दिलंस?"
विभानं आमटी वाढली. पोरगी वाटीत बघत म्हणाली,
"मला ती शाळेतली बाई हवी होती.
नदीत सोडलेली घाण थांबवीन म्हणते, भाड्याचंही बोलते.
पण ती तिसरी येणार.
म्हणून दुसऱ्याला दिलं.
पहिला पडावा म्हणून."
"दुसरा कसा आहे?"
"सूट चांगला घालतो."

देवरुखात आमचा वाणी तराजू उचलायचा,
रिकामी पारडी तिरकी दिसली
की हलक्या बाजूला खडा बांधायचा. पासंग.
तो खडा कुणी घरी नेत नाही, शिजवत नाही,
समोरचं पारडं वर यावं एवढंच त्याचं काम.
हे मी तिला सांगितलं. फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं मला.
"म्हणजे मी खडा," ती म्हणाली
आणि ताट उचलून गेली.

मी स्वतः एकदाच मत दिलंय.
वडलांनी चिन्ह सांगितलं, त्यावर शिक्का मारला.
शाई नखाबरोबर वर सरकत गेली,
एका रविवारी नेलकटरनं तुटली.
नंतर हे वाळवंट. मतासाठी विमानाचं भाडं कोण घालवतो?
मागच्या खेपेला चुलतभावाचा फोन:
"तुझं नाव आहे अजून यादीत. पुढं खूणसुद्धा झालीय."
म्हणजे माझ्याही वतीनं कुणीतरी जातं.
फॉर्म न भरता.

गुरुवारी रात्री तिकडं दहा, इकडं एक.
एसीची घरघर, तिच्या खोलीच्या दाराखाली निळा उजेड.
सकाळी सात-वीसला ती ओट्याशी आली, केस तसेच.
"पडला. एकशे बारा मतांनी."
मी चहा गाळत होतो, गाळणी वर धरून "वा!" म्हणालो.
तिचं बोट अजून पडद्यावरून खाली सरकत होतं.
शाळेतली बाई: आठशे सात.
"आठशे आठ असते, बाबा."
गाळणीतून ओट्यावर चहा ठिबकत राहिला.

शुक्रवार. यार्डात कुणी नाही,
गुल नवाजचा ट्रक तेवढा ताडपत्री ओढून झोपलेला.
गेट उघडलं, काटा चालू केला,
आणि तिला म्हटलं, चढ.
तापलेल्या लोखंडावर चपला चरचरल्या.
चाळीस.
"मी अठ्ठेचाळीस आहे!"
"असशील. काटा वीसच्या पटीत बोलतो."
"मग आठ किलो गेले कुठं?"
ती उतरल्यावर मी चढलो. ऐंशी.
माझं खरं वजन एकाहत्तर.
तेव्हा ती हसली, खोकला येईपर्यंत हसली,
"तुम्हाला नऊ फुकट!"

"पावती द्या मला."
गाडी क्रमांकाच्या जागी तिचं नाव घातलं.
मालाच्या रकान्यात काय घालू?
"नदी."
यंत्राच्या यादीत लोखंड होतं, तांबं, अॅल्युमिनियम,
जुन्या बॅटऱ्या, मिश्र पत्रा.
शेवटपर्यंत गेलो.
मग 'इतर' दाबलं.