क्रियापद शेवटी येतं

आओस्ता, जानेवारी. शेवटच्या वर्गात
लॅटिनला आम्ही सात जण उरलोत.
पेरूशों बाई म्हणतात, घाई करू नका,
क्रियापद शेवटी येतं;
तोवर कुणी मेलेलं नसतं,
कुणी जिंकलेलंही नसतं.

बहिणीचा शब्दकोश चिकटपट्टीनं बांधलेला.
समासात तिची पेन्सिल: 'हे परीक्षेत येतंच.'
एका पानावर नुसतंच: 'ल्यूकला सांगायचं राहिलं.'

उद्याचा उतारा.
सैनिक, कर्ता, अनेकवचन.
थकलेले, हे त्यांचंच विशेषण.
रात्री. खिंडीतून. बर्फातून.
मग स्वल्पविरामांत कोंडलेलं, कशालाच न बांधलेलं
'वाटाड्या हरवल्यावर'.
आणि पान संपतं.

बाबा दुपारीच गेलेत
बर्फ ढकलायचं यंत्र घेऊन, वर खिंडीत.
फोन लागत नाही.
आई पोलेंटा ढवळते आहे,
गॅस बंद करून बराच वेळ झाला तरी.

मी विशेषणं पुन्हा तपासते.
विभक्ती पुन्हा तपासते.
'बर्फ'सुद्धा शोधते शब्दकोशात,
जणू ठाऊक नाही.

"झाला का अभ्यास?" आई विचारते,
खिडकीकडे बघत.
एकच शब्द राहिलाय, मी म्हणते,
आणि पान उलटते.

पेर्वेनेरुंत. पोहोचले.

समासात, बहिणीच्या अक्षराखाली,
मी त्याचं एकवचन करून बघते:
पेर्वेनित.
बाईंनी सांगितलं होतं,
'पोहोचतो' आणि 'पोहोचला'
लिहिताना सारखेच दिसतात.