हजेरी

पहिल्या सेमिस्टरला मी एकही तास चुकवला नाही
आणि माझी हजेरी भरली एकोणचाळीस टक्के.

सर नाव घ्यायचे, पौलस सातपुते,
मी उभा राहायचो तोंड उघडं ठेवून,
'हजर'मधला ह घशात दाराला कडी लावून बसलेला,
आणि सरांचं पेन तोवर पुढच्या नावावर.
मागच्या बाकावरून कुणीतरी,
"भावा, गाडी चालू हुईना काय? ढकलू?"
हसण्यासारखंच होतं. मीही हसायचो.
हसताना माणूस अडखळत नाही.

कोडोलीच्या देवळात माझे वडील पाळक.
कर्ण्याशिवाय त्यांचा आवाज
उसाच्या फडापर्यंत जातो म्हणतात.
नाताळच्या कार्यक्रमात मी देवदूत, वय अकरा,
भिऊ नका, एवढंच सांगायचं होतं मेंढपाळांना.
भ... भ...
मेंढपाळ डोक्याला टॉवेल गुंडाळून वाट बघत राहिले.
पहिल्या रांगेतून वडील हळूच म्हणाले, "बस खाली."
हळूच म्हणाले, पण आवाज तो त्यांचा.
अख्ख्या देवळानं ऐकलं.

भिऊ नका मग दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.
मी भीतच राहिलो.

आमच्या विभागात नळ्या धुणारे सिलास आवळेमामा.
बीकर पुसता पुसता म्हणाले एकदा,
"गुरुवारी सहाला येतोस? ग्रंथालयामागं, चिंचेखाली.
पाचसात पोरं बसत्यात.
बोलायलाच पायजे असं काय नाही."
मी गेलो ते त्या शेवटच्या वाक्यासाठी.

बसायला जुनी वर्तमानपत्रं, मध्ये फुटाण्यांचा पुडा.
एस्तेरच्या गिटारची एक तार कायम उतरलेली,
निपाणीचा बेंजामिन प्रार्थना करता करता
कानडीत घसरायचा,
आणि मोर ओरडायचा आमेनच्या जागी,
किंवा नको तिथंच.
स्तोत्र फिरत यायचं, एकेकाला एकेक ओळ.
माझ्यापाशी आलं.
प.
प... प...
कोण आता पुढचं म्हणून टाकतंय याची मी वाट बघितली.
कुणी म्हटलं नाही.
एस्तेरनं माझ्याकडे बघितलंही नाही,
दयेनंसुद्धा नाही.
मामा फुटाण्याचं साल काढत होते.
रस्त्यावरचे दिवे लागले,
आणि मग परमेश्वर आला,
उशिरा, घामाघूम,
एसटी चुकलेल्या पाहुण्यासारखा.
सगळे जरा सरकले, त्याला जागा झाली.

जीभ सुटली नाही माझी. हे आधीच सांगतो,
कारण साक्षीत लोकांना शेवट तसा लागतो.

एका गुरुवारी मामा मला गंगावेशीत घेऊन गेले,
दूध कट्ट्यावर, म्हशीसमोर उभं राहून धारोष्ण प्यायला.
ओठांवर फेस तसाच ठेवून म्हणाले,
"माझी थोरली गेली, तवा दोन वर्षं
प्रार्थनेत शब्द फुटला नाही.
नुसतं 'हे' म्हणायचो आणि थांबायचो."
"ज... जायचं का तेवढं वर?"
हे विचारेपर्यंत म्हशीची धार आटोपली होती.
"आत्ता तू विचारलंस," मामा म्हणाले,
"मला कळलं की."

आणि पेला पुढं केला, अजून अर्ध्या लिटरसाठी.

त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून फोन लावला.
बोलायचं बरंच होतं, अकराव्या वर्षापासूनचं.
पहिलाच शब्द पप्पा.
प...
"पौलस? ऐकू येईना रे. रेंज नाही वाटतं."
कट.
एरवी मी रेंजवर ढकलून झोपलो असतो,
तशीच तर काढली होती इतकी वर्षं.

सागरमाळाकडून वारा येत होता.
खाली कुणीतरी बादली आपटत होतं.
मी पुन्हा लावला.