हयात

मस्जिद बंदरला, सुतळीच्या गोदामाला लागून,
तुर्सुनचाचांचं सुक्या मेव्याचं दुकान आहे.
मी जर्दाळू घ्यायला जाते. अर्धा किलो.
बाकीचा वेळ व्याकरण.

दिवसभर भांडुपच्या कारखान्यात
मोरिवाकीसानांचं जपानी मी मराठीत आणते,
फोरमनपर्यंत, लेथपर्यंत.
सोपं जातं. इंग्रजीसारखं वाक्य उलटं टांगून सोलावं लागत नाही.
क्रियापद शेवटी बसतं,
पंगतीत यजमान बसतो तसं, सगळ्यांना वाढून झाल्यावर.

"आमच्यातही," चाचा म्हणाले,
आणि काट्यावरचा हात तसाच ठेवून
उइगुरमध्ये एक वाक्य बोलले.
खरंच. क्रियापद सगळ्यांच्या मागून आलं,
दार ओढून घेत.

मग बिलाची पाठ.
त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: बाजारदा. बाजारात.
शेजारी जपानी: इचिबा दे.
दा नि दे!
मला वाटलं सापडल्या,
जत्रेत चुकलेल्या दोन बहिणी.

चाचा जर्दाळू निवडत राहिले.
"प्रश्न विचारताना जपानी शेवटी 'का' म्हणतात ना?
तुम्हीपण म्हणता.
नाहीला ते 'नाइ', आमचा हमाल 'नाय'.
मग जपानी तुमची मावशी झाली का?"

झाली नाही.
विद्वानांनीही या दोघींना एकदा
एकाच घराण्यात पाट मांडून दिले होते;
आता त्यांच्यातलेच बरेच जण पाट उचलतात.
उइगुर प्रत्यय शब्दाचा स्वर ऐकून तोंड बदलतो:
बाजारदा, पण घरात म्हणायचं तर ओय्दे.
जपानी 'दे' कुणासाठी बदलत नाही.
उइगुरमध्ये 'माझी' आईला चिकटूनच येते, आपाम, एका श्वासात.
जपानीत 'हाहा' म्हटलं की ती माझीच,
वेगळं सांगावं लागत नाही.
(शिकताना पहिल्या दिवशी मी या शब्दाला हसले होते.)

आणि दर्या. त्यांचा दर्या म्हणजे नदी.
माझ्या बापाचा, ससून डॉकच्या पलीकडचं सगळं.
एकच शब्द,
इतकं चालला की खारा झाला.

तुर्सुन म्हणजे राहो.
आधीची तीन गेली म्हणून ठेवलेलं नाव,
आमच्याकडे धोंडू ठेवतात तसं.
राहिले. पाच वर्षांचे असताना
बापाच्या पाठीवर खिंड ओलांडून लडाखला उतरले.
बहीण दोन महिन्यांची होती, वर बर्फ होतं.
तिला आत्याकडे ठेवलं.
उन्हाळ्यात आणू, असं ठरलेलं.

हे त्यांनी आजच सांगितलं,
कारण गेल्या गुरुवारी श्रीनगरहून फोन आला,
कुणाच्या तरी कुणाचा.

"सिंग्लिम हायातमिश."

सिंग्लिम, माझी धाकटी बहीण.
हायात मला सांगावं लागलं नाही.
पण मिश?

"मी पाहिलं नाही," चाचा म्हणाले. "ऐकलं."
म्हणजे 'म्हणे', मी म्हणाले.
हयात आहे म्हणे.
"आणि जपानीत?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं.
इकिते इरु सो देस.
सो देस, त्यांनी हळू म्हणून पाहिलं,
सुपारीसारखं, या गालातून त्या गालात.

तिन्ही भाषांत ते शेपटालाच बांधलेलं.
तोवर बाई पूर्ण जिवंत असते,
चूल पेटवत असते, कदाचित नातवावर ओरडत असते,
मग शेवटचा तुकडा येतो.

मिश काढलं तर?
"तर मी जाऊन आलेला असायला हवा, बाई."

बिल त्यांनी घडी करून गल्ल्यात ठेवलं,
पाठीवरच्या तिन्ही ओळींसकट,
आणि मला दुसरं करून दिलं.
त्यावर नीट लिहिलंय, अर्धा किलो.

घरी येऊन मोजले.
सातशे भरले.