कोड सात

मेडिकलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे कूलरला वाळ्यापेक्षा शेवाळाचाच वास जास्त,
मी आकडे भरते. फॉर्ममागे चार रुपये.
आकड्यांना देश नसतो असं मला वाटायचं.

मग शुवाई आली, झिम्बाब्वेहून, दोन पेट्या घेऊन.
पेट्यांत सहाशे बारा घरं.
नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली, आस धरा.
धरा. अनेकवचनी, आज्ञार्थी.
तुझ्या आईने एवढ्या लोकांना कशाला सांगितलं, मी म्हटलं.
ती हसली. मे महिन्यात हसणारी माणसं
नागपुरात फार नसतात.

घर क्रमांक चौदा. जमीन: सहा हेक्टर, नवी वाटलेली.
गोऱ्या मालकाचा मळा होता तेव्हा मळ्यात दवाखाना होता.
मालक गेला, कंपाउंडर गेला,
औषधांच्या कपाटात आता मक्याचं बियाणं.
जवळचा दवाखाना: सत्तावीस किलोमीटर, पायी.
एक म्हणजे होय. दोन म्हणजे नाही.
अठ्ठ्याऐंशी: सांगायचं नाही. नव्याण्णव: माहीत नाही.
माझी बोटं नव्याण्णववर न बघता जातात.

तीनशे अठरावर अडले.
प्रश्न: काल रात्री मच्छरदाणीत कोण होतं?
उत्तर, शुवाईच्या तिरक्या अक्षरात:
कोबीची रोपं. नाहीतर कोंबड्या ठेवत नाहीत.
हे होय की नाही? मी विचारलं.
ती बराच वेळ खिडकीतून बघत राहिली.
खाली पोहेवाला तर्री ढवळत होता.
मग म्हणाली, सात लिही. सात रिकामा आहे.

पेट्या संपेस्तोवर सात झाले एकशे त्रेचाळीस.

एका रविवारी ती घरी आली, इंदोऱ्याला.
तिला प्रश्नावली कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची होती,
ज्याने ती कधी बघितली नाही अशा कोणाला.
आई ताटं वाढता वाढता उत्तरं देत गेली, मी मधे.

जमीन आहे?
हाय ना. पावणेदोन एकर.
सीलिंगमधे भेटली होती माह्या सासऱ्याले.
कसतं कोण?
ज्याची होती तोच.

कागद?
आई हात पुसत उठली, पेटी उघडली.
सातबारा. डोमा सखाराम.
आणि त्याच प्लास्टिकच्या पिशवीत
तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी, आबाजीचीच:
ताप, सहा दिवस. आणायला उशीर.
इतकी वर्षं हे दोन कागद एकाच पिशवीत का,
मी कधी विचारलं नव्हतं.
शुवाईनेही विचारलं नाही. नुसतं बघितलं,
आधी एक, मग दुसरा, मग परत पहिला.

मग आईनेच तिला धरलं:
तुमच्याकडे त जमीन हाती भेटली ना बाप्पा,
मंग लेकरं काहून बिमार?

मी सांगितलं तिला, जमेल तसं.
'काहून'साठी मला बरोबर शब्द सापडला नाही.
तेच शोधतेय, ती म्हणाली. तीन वर्षं झाली.
आणि भाकरीचा उरलेला तुकडा
झुणक्यात बुडवून बसून राहिली.

प्रबंधात सात आला नाही.
सर म्हणाले, तक्त्यात याला जागा कुठे आहे,
इतरमध्ये टाका.
इतर: तेवीस टक्के. बाकीच्यांवर तीन प्रकरणं.
ती गेली. पेट्या इथेच राहिल्या,
एकीवर आता प्रिंटर आहे.

ऑगस्टमध्ये महानगरपालिकेची बाई आली, डेंग्यूची.
कूलरच्या पाण्यात टॉर्च मारला, अळ्या बघितल्या,
रजिस्टर काढलं.
घर स्वतःचं का?

नझुलची जागा. पट्टे येणार म्हणून
माझ्या जन्माआधीपासून फोटो काढून नेतात.

सात, मी म्हटलं.
काय सात?
आतून आई हसली.
बाईने दारावर खडूने बरोबरची खूण केली,
खाली तारीख टाकली,
आणि कूलर उपसा म्हणून सांगून
शेजारच्या घरी गेली.